पाठीमागून येणारा आवाज

आजचे वचन : यशया ३०:२१
वाचन : यशया ३०:१-२१



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मोलगीकडच्या एका पाड्यावर माझे मामा आजारी होते. शेवटी एका शनिवारी दुपारी आई आणि मी नंदुरबारहून गाडीने निघालो. त्या बाजूला लहानपणी एसटीने गेलो होतो, स्वतः गाडी चालवत कधीच नाही. म्हणून फोनवर मॅप लावला आणि फोन ब्लूटूथने गाडीच्या म्युझिक सिस्टिमला जोडला. वळण आलं की स्पीकरमधून आवाज येईल, घाटात स्क्रीनकडे बघायला नको. ‘कनेक्टेड’ अशी अक्षरं दिसली आणि मी निश्चिंत झालो.

हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली, तळोदा मागे पडलं. पेनड्राइव्हवरची भक्तिगीतं चालू होती, मीही सोबत गात होतो. अक्कलकुव्याला मोलगीसाठी उजवीकडे वळायचं असतं. आम्ही सरळ गेलो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बेटा, आपलं वळण मागे राहिलं वाटतं."

मी म्हटलं, "आई, मॅप लावलाय ना. वळण असतं तर तो बोलला असता."

थोड्या वेळाने ती पुन्हा तेच म्हणाली. मी चिडलो. "जरा शांत बस ना, मला गाडी चालवू दे." ती गप्प झाली. खापर गेलं. रस्त्याच्या कडेला गुजराती पाट्या दिसायला लागल्या, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली.

फोन उचलून पाहिला तर मॅप चालूच होता आणि आम्हाला मागे वळायला सांगत होता. तो पहिल्यापासून बोलत होता! झालं असं होतं की फोन ब्लूटूथने आवाज पाठवत होता, पण गाडीची सिस्टिम यूएसबीवर होती, पेनड्राइव्ह वाजवत होती. सिस्टिम ज्या सोर्सवर असते तोच आवाज स्पीकरमधून येतो. फोनला वाटलं, आवाज गाडीकडे दिला, म्हणून त्याचा स्वतःचा स्पीकरही गप्प. मी रोज सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पगार घेतो, आणि निघण्यापूर्वी एकदा आवाज येतो का ते पाहायचं मला सुचलं नाही.

आम्ही सव्वा तास उशिरा पोहोचलो. मामी दारात आल्या. म्हणाल्या, "आत्तापर्यंत जागे होते. बहीण येणार म्हणून वाट बघत होते. आत्ताच डोळा लागला."

मामा त्या झोपेतून नीट जागे झालेच नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रभूने त्यांना नेलं. आई त्यांचा हात धरून बसून राहिली, पण भावा-बहिणीचं बोलणं झालं नाही. आई मला त्याबद्दल आजपर्यंत एक शब्दही बोललेली नाही.

आता यशयाचा हा अध्याय उघडा. यहूदाचे लोक अश्शूरच्या भीतीने मिसराची मदत मागायला निघाले आहेत. गाढवांवर, उंटांवर धन लादलं आहे. देवाला विचारलेलं नाही. संदेष्ट्यांना ते सांगतात की खरं बोलू नका, कानाला गोड लागेल तेवढंच बोला. देव म्हणतो, माघारी फिरा, शांत व्हा, त्यातच तुमचं तारण आहे. पण त्यांना वेगवान घोडे हवे आहेत. अशा लोकांना एकविसाव्या वचनात देव अभिवचन देतो की उजवीकडे-डावीकडे भरकटलात तरी पाठीमागून आवाज येईल आणि तो खरी वाट सांगेल.

पाठीमागून का? मला वाटतं, कारण आपण त्याच्याकडे पाठ केलेली असते. आपण दूर चाललेलो असतो आणि तो तरीही बोलत राहतो. अठरावं वचन पाहा. आपल्यावर कृपा करता यावी म्हणून परमेश्वर वाट पाहतो.

त्या दिवशी माझ्याही पाठीमागून आवाज आला होता. मागच्या सीटवरून, माझ्या आईचा. जिचं माहेर त्या डोंगरात आहे, तिचं मी ऐकलं नाही, कारण स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ लिहिलं होतं.

पण प्रियांनो, मला खरं कबूल करायचं आहे ते वेगळंच. सव्वा तास मी पेनड्राइव्हच्या नावावर टाकू शकतो. आठ महिन्यांचं काय? आठ महिने आई म्हणत होती, "एकदा भावाला भेटून येऊ." प्रार्थनेला बसलो की माझ्याही मनात मामांचं नाव यायचं. मी म्हणायचो, हा रिलीज झाला की जाऊ, पुढच्या महिन्यात नक्की. त्या आठ महिन्यांत मी रोज वचन वाचलं, रोज इथे मनन लिहिलं. जोडलेला होतो, स्तुतीची गाणीही गात होतो. फक्त सोर्स दुसरीकडे होता. देवाबद्दलचा आवाज मोठा होता, देवाचा आवाज ऐकू येत नव्हता.

खापरजवळून परत फिरल्यावर मी सोर्स ब्लूटूथवर घेतला. देवगोई घाटात नेटवर्क गेलं, तरी आवाज येत राहिला. जागा उपग्रहाकडून कळत होती आणि जिल्ह्याचा नकाशा मी घरीच फोनमध्ये उतरवून घेतला होता. रोजचं वाचन त्या नकाशासारखं असतं. ते सोडू नका, अडचणीच्या घाटात तेच कामाला येतं. पण उतरवलेला नकाशा पुरत नाही, वळणावर ऐकावंही लागतं.

आणि अजून एक. चुकलेल्या माणसाला त्या आवाजाने टोमणा मारला नाही. आम्ही जिथे होतो तिथून पुढची वाट सांगितली. देवाची कृपा अशीच आहे. मात्र वाट परत मिळते, गेलेली वेळ परत मिळत नाही. म्हणून आजच ऐका.

आजचं काम : गेले काही दिवस प्रार्थनेत कोणाचं नाव पुन्हा पुन्हा येतं आहे? संध्याकाळच्या आत त्यांना फोन करा. जाता येत असेल तर जा. आणि घरातलं वडीलधारं माणूस काही सांगत असेल तर मध्येच तोडू नका.

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही पाठ केली तरी तू बोलायचं थांबत नाहीस, म्हणून तुझे आभार मानतो. तुझ्या नावाच्या गोंगाटात तुझाच आवाज हरवू देऊ नकोस. ज्यांच्या मुखातून तू बोलतोस त्यांचं ऐकण्याची नम्रता दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.