जुने केव्हा पुसावे?

शाळेतल्या पाटीची एक शिस्त असे. नवे गणित मांडायचे तर जुने पुसावे लागे. पण ते वहीत उतरले आहे याची खात्री होईपर्यंत पाटीवर ओले फडके फिरवायचे नसे. घाईने पुसलेले गणित रडून परत येत नसे. पाटी आता गेली, तिच्या शिस्तीमागचा प्रश्न मात्र राहिला आहे : जुने पुसण्याची योग्य वेळ कोणती, आणि ती कोणी ठरवावी? आपला मजकूर, हिशेब आणि छायाचित्रे ज्या संगणकाच्या हवाली आपण केली आहेत, त्याच्या पोटात हा प्रश्न दिवसरात्र सोडविला जात असतो.

संगणकाच्या डिस्कवर लहान लहान कप्पे असतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. कोणता मजकूर कोणत्या कप्प्यात आहे आणि कोणते कप्पे रिकामे आहेत, याची नोंद ठेवणारा कारकून म्हणजे फाइल सिस्टीम. जुन्या वळणाचा कारकून मजकूर बदलताना त्याच कप्प्यातले खोडून तेथेच नवे लिहितो. मध्येच वीज गेली, तर धड जुने नाही नि धड नवे नाही, अशी गत होऊ शकते. म्हणून ‘कॉपी-ऑन-राइट’ ही पद्धत निघाली. सोलारिस या प्रणालीत २००५ साली आलेली झेडएफएस आणि लिनक्ससाठी २००७ साली आरंभिलेली बीटीआरएफएस, या दोन्ही याच पद्धतीच्या. येथे कारकून जुन्याला हात लावत नाही. तो नवा मजकूर रिकाम्या कप्प्यात लिहितो, मग त्या कप्प्याकडे बोट दाखविणारी नोंदही नव्याने दुसरीकडे लिहितो, आणि असे करीत वर चढत जातो. सर्व नवे कप्पे डिस्कवर सुखरूप पोहोचले की अगदी शेवटी सुपरब्लॉक नावाचे मुख्य पान बदलतो. त्या क्षणी नवे खरे ठरते. तोपर्यंत जुनेच खरे.

मग जुना कप्पा दुसऱ्याला केव्हा द्यावा? त्याला दोन अटी आहेत. एक, त्याच्याकडे बोट दाखविणारे कोणीही उरलेले नसावे. एकाच कप्प्यावर दोन फाइली किंवा जपून ठेवलेली एखादी जुनी प्रतही विसंबून असू शकते. म्हणून अवलंबितांची मोजदाद ठेवावी लागते. दुसरी अट, त्याची जागा घेणारे नवे खरोखरच लिहिले गेलेले असावे. या अटींत एक मोठी विषमता आहे. कप्पा उशिरा मोकळा केला, तर थोडी जागा वाया जाते. लवकर मोकळा केला, तर दुसऱ्याचा मजकूर त्यावर येऊन बसतो आणि पहिला कायमचा नाहीसा होतो. एक चूक खर्चाची, दुसरी विनाशाची. शंका असेल तेथे कोणत्या बाजूला चुकावे, हे यावरून आपोआप ठरते.

२०१९ सालची एक घटना या दृष्टीने मननीय आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात लिनक्सची ५.२ ही आवृत्ती आली. तिच्यातील बीटीआरएफएसमध्ये एक छोटे कार्य होते : कप्पा लिहिण्यापूर्वी त्याला कुलूप लावायचे आणि ‘आता हा लिहायचा आहे’ असे १ या अंकाने कळवायचे. ‘लिहिण्याची गरज नाही’ याचे उत्तर ०. कुलूप चटकन मिळाले नाही, तर ते कार्य आधीची साचलेली कामे पुढे रवाना करी. त्या रवानगीचे ‘सर्व ठीक’ हे उत्तरही ०च. ते नेमके त्या १ च्या जागी जाऊन बसले! परिणामी जो कप्पा लिहायचा होता, तो लिहिण्याची गरजच नाही असा समज झाला. काही संगणक त्यामुळे अडून बसले. काहींत मुख्य पान मात्र बदलले, आणि ते न लिहिलेल्या कप्प्याकडे बोट दाखवू लागले. जुने कप्पे तर वापरासाठी मोकळे झालेले होते. वचन दिले गेले, कृती झालीच नव्हती, आणि परतीची वाटही पुसली गेली.

अधिक अंतर्मुख करणारी गोष्ट पुढेच आहे. ही चूक निष्काळजीपणातून आली नव्हती. चुकांची दखल अधिक नीट घेतली जावी, या हेतूने केलेल्या सुधारणेतूनच ती शिरली होती. मग दोष कोणाचा? हेतू शुद्ध होता म्हणून ज्याची फाइल गेली त्याचे दुःख कमी होत नाही. आणि नुकसान झाले म्हणून हेतू अशुद्धही ठरत नाही. या दोन सत्यांना एकमेकांवर खोडून लिहू नये. त्यांनाही आपापला कप्पा हवा.

सप्टेंबरमध्ये दुरुस्ती झाली. ती थोड्याच ओळींची होती : रवानगीच्या उत्तराने मूळ उत्तर पुसू द्यायचे नाही. पण त्या ओळींसोबत चूक कोठून आली, कशी घडते आणि तिचे परिणाम काय, याची कबुली सविस्तर लिहिली गेली, आणि ती सर्वांना वाचता येते. दुरुस्ती गेलेले परत आणू शकत नाही. उद्याचे वाचवू शकते. खरी दुरुस्ती हे दोन्ही मान्य करते.

या पद्धतीत आणखी एक पहारा असतो. प्रत्येक नोंदीच्या कप्प्यावर तो कोणत्या फेरीत लिहिला गेला, याचा क्रमांक असतो, आणि बोट दाखविणाऱ्यालाही तो ठाऊक असतो. दोन्ही जुळले नाहीत, तर यंत्रणा तो कप्पा खरा मानण्यास नकार देते. खोटे उत्तर देण्यापेक्षा ‘मजजवळ उत्तर नाही’ म्हणणे तिला अधिक मान्य असते.

आपणही रोज काहीतरी पुसत असतो : जुनी पत्रे, जुने ऋण, कधी जुनी माणसेही. ‘आता याचा उपयोग नाही’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. पण आपला उपयोग संपला, म्हणजे सर्वांचाच संपला असे नव्हे. एखाद्या वस्तूवर, एखाद्या शब्दावर, एखाद्या वृद्ध जिवावर अजून कोण विसंबून आहे, हे मोजण्याइतका धीर धरावा. पुसण्याचा अधिकार ज्याला जागा हवी आहे त्याचा नसतो. शेवटचा विसंबलेला सुखरूप दुसरीकडे पोहोचला, असे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्यानेच फडके हाती घ्यावे.