जखमी कासव आणि परत करावयाची अमानत

आमच्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. येथील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला तो पुस्तकातच. त्यांना ठाऊक असलेले पाणी म्हणजे कयाधू नदी, आणि फार तर सिद्धेश्वर व इसापूर ही धरणे. तरीही या महिन्यात मी आपणापुढे समुद्री कासवाचा विषय मांडणार आहे. त्याला निमित्त आमच्याच मकतबमधील एक प्रसंग आहे.

गेल्या पावसाळ्यात असरच्या नमाजनंतर चार-पाच मुले कयाधूच्या काठावरून एक कासव घेऊन आली. त्याच्या जबड्यात मासे धरण्याचा गळ रुतला होता. मुलांनी त्याला घमेल्यात ठेवले. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाले, "मौलाना, घरात कासव असले की बरकत येते. ठेवून घ्या." बरकत देणारा केवळ अल्लाह आहे, कोणत्याही जनावराच्या अंगी ती नसते, असे मी त्यांना सांगितले. परंतु सांगताना मन खजील होते. अकरा वर्षांचा असताना मीही असेच एक कासव घरी आणले होते. प्रेमाने पाळले, भात खाऊ घातला, आणि तीन आठवड्यांत ते मेले. तेव्हा आजी म्हणाली होती, "त्याला काय हवे होते, हे तू कधी पाहिलेस का, बेटा?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

यावेळी पशुवैद्यकांनी गळ काढला, वन विभागाला कळविले आणि जखम भरेपर्यंत कासव वन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली राहिले. या निमित्ताने मी आपल्याच राज्यातील डहाणूच्या केंद्राविषयी वाचले. पालघर जिल्ह्यातील या ठिकाणी वन विभाग आणि एक प्राणिकल्याण संस्था मिळून जखमी समुद्री कासवांवर उपचार करतात. पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रातून थकलेली, जाळ्यात गुरफटलेली, पुढचा पाय तुटलेली कासवे किनाऱ्यावर येऊन पडतात. नदीच्या कासवाप्रमाणे समुद्री कासवाला मान व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. शिवाय ते फुफ्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिले तर समुद्रातला हा जीव समुद्रातच गुदमरतो. म्हणून अर्धमेले कासव दिसताच त्याला पुन्हा लाटांत ढकलणे ही दया नव्हे. आधी त्याला सावलीत ठेवायचे, जखम धुवायची, औषध द्यायचे, खाऊ घालायचे. आणि ते स्वतः बुडी मारू लागले, स्वतः भक्ष्य खाऊ लागले की मगच समुद्रात सोडायचे.

बंधू-भगिनींनो, हा क्रम वाचताना मला ह. यूनुस (अ.) यांचे स्मरण झाले. पवित्र कुरआनच्या सूरह साफ्फातमध्ये त्यांचा वृत्तान्त आहे. माशाच्या पोटातून सुटका झाल्यावर ते एका उघड्या किनाऱ्यावर टाकले गेले, आणि तेव्हा ते आजारी होते. अल्लाहने त्यांच्यावर एक वेल उगवून सावली केली. त्यानंतर त्यांना एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे पाठविले. प्रथम सावली, मग शक्ती, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या कार्याकडे परत पाठवणी. वेलीखाली कायमचे बसून राहणे हा त्या कृपेचा हेतू नव्हता. आपण एखाद्या दुर्बलाला आधार देतो, तेव्हा तो आपल्या दारी कायम राहावा, ही इच्छा मनात दडलेली असते काय, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

येथे कोणी विचारील की मग पक्षी वा जनावर पाळणे निषिद्ध आहे काय? तसे नाही. ह. अनस (र.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, लहानसा पाळीव पक्षी मेला, तेव्हा आदरणीय प्रेषितांनी (स.) त्या बालकाची प्रेमाने विचारपूस केली, त्याला रागावले नाहीत. परंतु मांजरीला कोंडून मारणाऱ्या स्त्रीची हदीसही बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिने मांजरीला खाऊही घातले नाही आणि स्वतः खाणे शोधण्यासाठी मोकळेही सोडले नाही. अबू दाऊदच्या एका हदीसनुसार, प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिले उचलली. आई कासावीस होऊन घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) पिले तिला परत करण्याची आज्ञा दिली. ज्याचा हक्क आपण पुरवू शकत नाही, त्याला अडवून ठेवण्याचा अधिकार आपणास नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समुद्री कासवाचा हक्क कोणते घमेले पुरविणार? २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. एवढा विस्तार ज्याला घर म्हणून दिला, त्याचा मालक अल्लाह आहे. सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सुपूर्द करण्याचा आदेश आहे. जखमी जीव आपल्या हाती येतो, तो अमानत म्हणूनच.

ही अमानत फुकट फेडली जात नाही. कोकणातील मच्छीमाराच्या जाळ्यात कासव येते, तेव्हा ते सोडविण्यासाठी कित्येकदा जाळेच कापावे लागते. जाळे हे त्याच्या घराचे अन्न आहे. संरक्षित जीव वाचविण्यासाठी जाळे कापणाऱ्यास राज्य शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, ही चांगली गोष्ट आहे. तरी सुरी हाती घेण्याचा क्षण त्याचा एकट्याचा असतो. हनफी मतानुसार पाण्यातील जीवांपैकी मासळीच हलाल आहे. कासव ना ताटात येते, ना बाजारात विकता येते. म्हणून ते सोडणाऱ्याला जगाकडून काही मिळवायचे उरत नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली, तेव्हा त्याच्याकडे पाहणारेही कोणी नव्हते.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. समुद्र नाही, असे मी आरंभी लिहिले. पण कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. लग्नाच्या दावतीनंतर नदीकाठी फेकलेली प्लास्टिकची पिशवी आणि काठावर तोडून टाकलेले नायलॉनचे जाळे हाच मार्ग धरते. मानवाच्या हातच्या कमाईने जमिनीवर व समुद्रात बिघाड माजला, असे सूरह रूममध्ये म्हटले आहे. ते हात केवळ बंदरावरच्या माणसांचे नाहीत.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. दावतीचा कचरा नदीकाठी जाऊ देऊ नका. निकामी गळ व जाळे पाण्यात सोडू नका. जखमी कासव दिसले तर घरी न नेता वन विभागास कळवा. बरकतीसाठी कोणी कासव ठेवले असेल, तर त्याला प्रेमाने समजवा. त्याला तुच्छ लेखू नका, कारण अज्ञानातही माया असू शकते. माझ्यात ती होती, तरीही माझे कासव मेले.

नवव्या दिवशी वन कर्मचाऱ्यांनी मुलांना नदीवर बोलावले. कासव क्षणभर काठावर थांबले आणि पाण्यात शिरले. ज्याने ते प्रथम उचलले होते, तो मुलगा बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. "मौलाना, ते परत येईल का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "बेटा, ते परतच गेले आहे."

हे अल्लाह, आमच्या हाती आलेल्या प्रत्येक अमानतीचा हक्क ओळखण्याची आणि वेळ येताच ती परत करण्याची आम्हास सद्बुद्धी दे. आमीन.