बिघाडातून उलगडा

जीवशास्त्रज्ञ ओबैद सिद्दिकी दिल्लीत गव्हावर प्रयोग करत असताना गारपीट झाली आणि उभे पीक गेले. याचा अर्थ नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सिद्दिकी शेतातून बाहेर पडले ते थेट ग्लासगोला, आनुवंशिकीतज्ज्ञ पाँटेकोर्व्हो यांच्या प्रयोगशाळेत. तिथे त्यांनी बुरशीची जनुके अभ्यासायला घेतली. बुरशीची नवी पिढी हंगामाची वाट पाहत नाही.

जनुकात बिघाड शोधायचा आणि त्यामुळे काय बंद पडते ते पाहायचे, ही आनुवंशिकीची रीत तेव्हाही जुनीच होती. आम्हा एकलहरेकरांना ती चटकन पटते. औष्णिक वीज केंद्रातला संच ट्रिप झाला की कुठला पंप कशासाठी आहे हे नवख्यालाही कळते. पण जनुकात बिघाड राहिला म्हणजे त्याचा परिणाम दिसणारच, असे एक गृहीत या रीतीत दडलेले होते. ई. कोलाय या जिवाणूने ते डळमळीत केले.

ग्लासगोनंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्यासोबत सिद्दिकी अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बनवणारे जनुक तपासत होते. जनुक बिघडले की विकर बनत नाही, इथपर्यंत सगळे सरळ होते. मात्र तेच बिघडलेले जनुक जिवाणूच्या दुसऱ्या एका वाणात गेले की विकर पुन्हा बनू लागे. जनुक तर दुरुस्त झालेले नव्हते! काही बिघाडांमुळे जनुकाच्या मजकुरात मध्येच ‘थांब’ अशी खूण उमटते आणि प्रथिनाची साखळी अर्धवट राहते. दुसऱ्या वाणात मजकूर वाचणारी यंत्रणाच बदललेली असते, म्हणून ती तिथे थांबत नाही. हे काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या साऱ्या कामात मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. जनुकाचा अर्थ एकट्या जनुकात नसतो, ते वाचणाऱ्या पेशीतही असतो, हे इथे हाती लागले.

त्याच वर्षी होमी भाभांनी त्यांना मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. भौतिकी आणि गणिताच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्र सुरू झाले. एका जिवाणूतून दुसऱ्यात गेलेला डीएनए तिथे कसा सामावतो, हा कुलाब्यातला त्यांचा प्रश्न होता. औषधांना दाद न देण्याची क्षमताही जिवाणू एकमेकांना याच वाटेने देतात, त्यामुळे हा विषय आज रुग्णालयांच्या खाटांपर्यंत पोचला आहे.

पुढे सीमोर बेंझर यांच्यासोबत त्यांनी फळमाशी हाती घेतली. काही माश्या तापमान वाढले की लुळ्या पडत आणि गारव्यात पुन्हा उठत. जनुक दोन्ही वेळी बिघडलेलेच, पण गारव्यात ते निभावून नेई. बिघाड शोधायची रीत तीच राहिली, तिचा रोख मात्र विकरावरून वागण्याकडे वळला. वेरोनिका रॉड्रिग्ज या विद्यार्थिनीसोबत सिद्दिकींनी वास आणि चव नीट न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या, आणि १९७८ चा तो शोधनिबंध दोघांनी भारतीय विज्ञान अकादमीच्याच नियतकालिकात छापला.