ऊब राखणारे हात

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा नाशिकमध्येही चहा बघता बघता निवतो. मग कोणत्या किटलीत तो जास्त वेळ गरम राहील, हा प्रश्न पडतो. इथल्या भांडी बाजारात तांबं, पितळ, स्टील सारं मिळतं. तांबं स्टीलच्या जवळपास पंचवीसपट सहज उष्णता वाहून नेतं. म्हणजे तांब्या-पितळेत चहा लवकर निवणार, असा आपला सरळ हिशेब.

पण पत्रा मुळातच पातळ. त्यातून उष्णता झटकन बाहेर आली, तरी पुढची हवा ती सावकाशच घेते. त्यामुळे भांड्याची बाहेरची बाजू कशी आहे, याला फार महत्त्व येतं. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे प्रयोगानं दाखवलं. गरम पाणी भरलेल्या चौकोनी डब्याची काजळी धरलेली बाजू भरपूर उष्णता बाहेर टाकत होती, चकचकीत बाजू अगदी थोडी. चिनी माती कितीही गुळगुळीत असली, तरी उष्णता टाकण्यात ती काजळीच्याच जवळची. शिवाय जाड, गार चहादाणी स्वतः तापण्यातच चहाचे दहाएक अंश घेते. म्हणून ती आधी उकळत्या पाण्यानं खंगाळून घ्यायची.

चिंचेनं लख्ख घासलेली पितळी किटली ऊब राखण्यात मुळीच मागे नाही. ती कळकटली, की हा गुण कमी होतो. आतली कल्हई चहाला पितळेपासून दूर ठेवते; तीही झिजते आणि पुन्हा करून घ्यावी लागते. आणि भांडं कोणतंही असो, उघड्या तोंडातून निघणारी वाफ भराभर उष्णता नेते. तिला झाकणच अडवतं.

धातू एकदा विकत घेता येतो, ऊब मात्र रोज राखावी लागते. घासणं, खंगाळणं, झाकणं या कामांना कुणी मोठं म्हणत नाही, पण चांगल्या धातूचा चांगुलपणा त्यांच्यावरच टिकतो. घराचंही तसंच आहे. माणसं मुळात प्रेमळ असतात. तरी रोजची विचारपूस थांबली, की घर गार पडतं. आपल्या घरात ही राखण एकाच माणसाच्या वाट्याला आली असेल, तर आजपासून त्यातलं एक काम आपण उचलावं.