प्रकाशाचा न्याय

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा भट्टीसमोर फिल्मचा कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या छायाचित्रकाराला एक निवड करावीच लागते. सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वाहणारा लोहरस आणि त्याकडे पाठ करून उभा असलेला कामगार, हे दोन्ही एकाच फिल्मवर नीट उमटणे कठीण. लोहरस धरून छायाचित्र घेतले तर कामगाराची काळी आकृती तेवढी उरते. चेहरा धरून घेतले तर लोखंडाचा पांढरा डाग होतो. दृश्याची भव्यता बहुधा माणसाला अंधारात ठेवूनच साधली जाते.

छपाईच्या वेळी, अंधाऱ्या खोलीत, ही निवड काही अंशी सुधारता येते. चेहऱ्याच्या जागी पडणारा प्रकाश क्षणभर हाताने अडवला की कागदावर तो भाग उजळ उतरतो. यास लबाडी म्हणता येणार नाही. फिल्मवरील चांदीच्या कणांनी जे टिपले, तेच येथे दृश्यमान होते. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या नाहीशा करण्याची स्टुडिओंतील जुनी रीत मात्र निराळी. तेथे फिल्मने दिलेली साक्षच बदलली जाते.

तथापि पहिल्या प्रकारच्या सुधारणेलाही मर्यादा आहे. टिपतानाच चेहऱ्याच्या वाट्याला पुरेसा प्रकाश आला नसेल, तर निगेटिव्हवरील ती जागा कोरीच राहते. मग फिल्म विकसनाच्या द्रावणात कितीही वेळ ठेवली तरी तेजस्वी भाग अधिक दाट होतात, चेहरा उमटत नाही. कोणासाठी प्रकाश मोजावा, याचा निर्णय म्हणूनच कळ दाबण्यापूर्वी घ्यावा लागतो.