शंकेचे स्थान

११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गजानन माधव मुक्तिबोध यांचे निधन झाले. मातृभाषा मराठी, काव्यभाषा हिंदी. वय अवघे सेहेचाळीस. ते रुग्णशय्येवर असतानाच मित्रांनी त्यांच्या कवितांचा पहिला स्वतंत्र संग्रह सिद्ध केला. 'चाँद का मुँह टेढ़ा है' वाचकांच्या हाती आला, तेव्हा कवी हयात नव्हता. वस्तुतः अज्ञेयांनी संपादिलेल्या 'तार सप्तक'मध्ये त्यांच्या कविता १९४३ सालीच आल्या होत्या. मधली एकवीस वर्षे उपजीविकेच्या ओढाताणीत आणि दीर्घ कवितांच्या पुनःपुन्हा केलेल्या लेखनात गेली.

साहित्याच्या उंबरठ्यावरील तरुणाने या चरित्राकडे कसे पाहावे? शंका हीच प्रतिभेची खूण, असा निष्कर्ष सोपा आहे; पण तो घातक आहे. विलंबाचा सारा भार आत्मशंकेवर टाकता येत नाही. परिस्थितीचा वाटाही मोठा होता.

शिवाय शंका एकाच जातीची नसते. 'मला हे जमेल काय?' ही शंका तुलनेतून उपजते. दिल्लीत मंडी हाउसच्या परिसरात, जिथे रवींद्र भवनात साहित्य, संगीत आणि ललित कला अशा तीन अकादम्या नांदतात, तिथे नवागताला ती पावलोपावली गाठते. प्रत्येक भित्तिपत्रकावर दुसऱ्याचेच नाव असते. 'मी लिहितो ते खरे आहे काय?' ही शंका मात्र विवेकाची. पहिलीचा विषय लेखक, दुसरीचा विषय लेखन. पहिली हात थांबवते, दुसरी हात सुधारते.

'तीसरा क्षण' या लेखनात मुक्तिबोधांनी कलेचे तीन क्षण सांगितले आहेत: अनुभवाची उत्कटता, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून अलग होऊन त्याचे कल्पनाचित्र बनणे, आणि त्या चित्राला शब्दरूप देण्याची प्रक्रिया. या अखेरच्या क्षणात शब्द आशयालाही घडवू लागतात. शंकेचे न्याय्य स्थान इथे आहे. पहिल्याच क्षणी ती दाराशी उभी राहिली, तर तपासण्याजोगे काही निर्माणच होत नाही. तिसऱ्या क्षणी ती आलीच नाही, तर आत्मसंतुष्टता तिची जागा घेते.

तरीही एक प्रश्न उरतो: तपासणी संपली हे कोणी ठरवावे? एकट्या लेखकाला ते क्वचितच ठरवता येते. मुक्तिबोधांच्या संग्रहाला शमशेर बहादुर सिंह यांनी प्रस्तावना लिहिली. कवीच्या कामावर समानधर्म्यांचा विश्वास होता. असा विश्वास वेळीच स्वीकारणे हा दुबळेपणा नव्हे. आपल्या लेखनातील उणीव ओळखूनही ते दुसऱ्याच्या हाती देणे, यात धैर्य आहे आणि नम्रताही. शंका त्यानंतरही राहील. पुढच्या लेखनासाठी ती हवीच आहे.