खाट टाकण्याआधी

चि. सायली,


तुझं पत्र पोचलं. तालुक्याच्या गावात पहिल्या मजल्यावरचा गाळा, दहा खाटा, लेबर रूम, सोनोग्राफी मशीन, आणि सगळ्या परवानग्या 'पॅकेज'मध्ये काढून देणारा एजंट, असा तुझा बेत कळला. तुझ्या हाताच्या गुणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती पॅकेजबद्दल. परवाना एजंट आणून देईल, पण त्यावर नाव तुझं असेल, आणि उद्या नोटीस येईल तीही तुझ्याच नावावर.

दवाखान्यात येणारी प्रत्येक वस्तू आपला कायदा सोबत घेऊन येते, एवढं पक्कं लक्षात ठेव. ती वस्तू परवडेल का, हे बँकवाला सांगेल. तिची नोंद रोजच्या रोज ठेवणं झेपेल का, हे मात्र तुलाच ठरवायचं आहे.

नुसती टेबल-खुर्ची मांडून ओपीडी चालवायची तर काम सोपं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू हवी. ती दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येते. एम.एस.ची पदवीही तिथे नोंदवून घे, पाटीवर लिहिण्याआधी. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर आणि पावतीवर छापायचा, फी दर्शनी भागात लावायची. गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. घरमालक 'कशाला खर्च' म्हणाला तरी ऐकू नकोस. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात डॉक्टरांचे दवाखानेही येतात. माणसं थोडी असतील तर फक्त सूचना द्यायची असते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये भरायचे. उपचारांवर जीएसटी नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांना ती सवलत मिळत नाही. बाकी हिशेब सीएकडे सोपव. रोजच्या रोखीची वही मात्र स्वतः बघ.

कंपनी काढावी का, असं विचारलंयस. सध्या मालकी स्वतःच्या नावावरच ठेव. अमितला बरोबर घेणार असशील तर भागीदारीचा करार लेखी कर, नवरा-बायको असलात तरी. कंपनी काढून हलगर्जीपणाची जबाबदारी अंगावरून झटकता येत नाही, कारण उपचार तूच करणार. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निकाल दिला, तेव्हापासून इन्डेम्निटी पॉलिसी ही चैन राहिलेली नाही.

आता कचऱ्याची बादली. एकही खाट नसली तरी २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम तुला लागू आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र घे आणि कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी करार कर. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, फुटलेली काच निळ्यात. भिंतीवरचा तक्ता सगळीकडे असतो. संध्याकाळी आवराआवर करताना मावशी चारही बादल्या एकाच पिशवीत रिकाम्या करून घंटागाडीत टाकतात का, हे बघायला कुणी थांबत नाही. तू थांब. ४८ तासांपेक्षा जास्त हा कचरा ठेवता येत नाही, म्हणून गाडी कुठल्या वारी येते हे करारात लिहून घे.

औषधांचं कपाट चालेल. आपल्याच रुग्णाला आपण औषध द्यायला वेगळा परवाना लागत नाही. पण बाहेरच्याची चिठ्ठी घेऊन विक्री सुरू झाली की ते दुकान ठरतं. दुकानाला परवाना हवा, फार्मासिस्ट हवा.

पहिली खाट टाकलीस की १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू होतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडे हाच चालतो. नोंदणी ३ वर्षांची असते. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं सक्तीचं केलं. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुना दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. रात्रपाळीला शिकलेली नर्स हवी, आणि तालुक्याच्या गावात खरी अडचण तिथेच येते. दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षं जपायचे, नातेवाइकांनी रीतसर मागितले तर ७२ तासांत प्रत द्यायची. केसपेपर त्याच रात्री पूर्ण झाला असेल, तर प्रत देताना हात थरथरत नाही.

सगळ्यात शेवटी सोनोग्राफी, आणि तुझ्या बेतात ती पहिल्या दिवसापासूनच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मशीन विकत घेण्याआधी सोनोग्राफी केंद्र म्हणून दवाखान्याची नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्याला मशीन विकणंही गुन्हा आहे. प्रत्येक गरोदर बाईचा 'एफ' नमुना भरायचा: पत्ता, आधीची मुलं, तपासणीचं कारण, तिचं आणि तुझं प्रतिज्ञापत्र. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल पाठवायचा. या नोंदीतली त्रुटी हाच कायद्याचा भंग मानला जातो, आणि तसं नाही हे सिद्ध करणं डॉक्टरवर येतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या तरतुदीला आव्हान दिलं, पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कारकुनी चुकीला एवढी कडक तरतूद का, असं तुला वाटेल. मशीनच्या खोलीत काय बोलणं झालं याला साक्षीदार नसतो. उरतो तो हा कागद. तो रिसेप्शनवरच्या मुलीकडून भरून घेऊन संध्याकाळी गठ्ठ्याने सह्या करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तुझ्याकडे ती नको.

म्हणून माझं ऐकशील तर वर्षभर ओपीडीच चालव. बाळंतपणं नोंदणीकृत हॉस्पिटलात जाऊन कर, सोनोग्राफीसाठी रेडिऑलॉजिस्टकडे पाठव. पाठवल्याबद्दल तिकडून पाकीट आलं तर परत कर. कट घेणं नियमाने बंद आहेच, आणि एकदा घेतलं की तुझी चिठ्ठी तुझी राहत नाही. रुग्ण जमले, दोन चांगल्या नर्स मिळाल्या, की खाटा टाक. मशीन त्याच्या पुढच्या वर्षी.

एजंटला पूर्ण नको म्हणू नकोस. चकरा मारायला माणूस लागतोच. पण त्याने आणलेला प्रत्येक अर्ज वाचून मगच सही कर, कोरा तर कधीच नको. गाळ्याचा करार करण्यापूर्वी मसुदा मला पाठव.

तुझा,
मामा